अ‍ॅम्प सिम्युलेशनद्वारे गिटार मॉनिटरिंग

अ‍ॅम्प सिम्युलेशनद्वारे मॉनिटरिंग म्हणजे घरी इलेक्ट्रिक गिटारचे ध्वनिमुद्रण करताना, खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी संगणकातील सॉफ्टवेअरने घडवलेला अ‍ॅम्पचा आवाज वादकाने वाजवता वाजवता ऐकणे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा मूळ नाद क्षीण असतो. तिचा ओळखीचा आवाज अ‍ॅम्प, स्पीकर आणि त्यापुढचा मायक्रोफोन यांतून आकाराला येतो. सूर किती टिकवायचा, तार कोठे दाबून थांबवायची, हे वादक तो आवाज ऐकूनच ठरवतो. मुद्रणानंतर अ‍ॅम्पचा आवाज चढवणे सोपे असते. वाजवताना तो वेळेवर कानी पडणे हाच या पद्धतीतील अवघड भाग होय.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बराच मोठा केल्याशिवाय खुलत नाही. पुण्या-मुंबईच्या इमारतींत घराला घर लागून असते, आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या गावात जागा मोकळी असते, पण तेथे अ‍ॅम्पसमोर ठेवलेला मायक्रोफोन अंगणातले आवाजही टिपतो. दोन्हीकडे संगणकातला अ‍ॅम्प सोयीचा ठरतो.

हेडफोनवर अ‍ॅम्पसारखा आवाज देणारे ‘रॉकमन’ हे उपकरण १९८२ मध्ये, तर ‘सॅन्सअ‍ॅम्प’ १९८९ मध्ये आले. डिजिटल अनुकरण करणारे ‘पॉड’ १९९८ मध्ये बाजारात आले. ‘अ‍ॅम्प्लिट्यूब’ व ‘गिटार रिग’ यांसारखी संगणकावरील सॉफ्टवेअरे त्यानंतरच्या काही वर्षांत रूढ झाली.

आवाजाचा मार्ग

गिटारची वायर ऑडिओ इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुटला जोडतात. या इनपुटचा रोध साधारण १० लाख ओहम असतो. साध्या लाइन इनपुटचा रोध बराच कमी असल्याने पिकअपवर भार पडतो आणि आवाजातील तेज हरपते; पुढे कोणतेही सॉफ्टवेअर ते पुरते परत आणू शकत नाही. इंटरफेस या संकेताचे आकड्यांत रूपांतर करतो, संगणकातील प्लगइन त्यावर अ‍ॅम्प व स्पीकरची प्रक्रिया करते आणि आवाज पुन्हा इंटरफेसमार्गे हेडफोनमध्ये येतो. प्लगइनमधील स्पीकरचा भाग बंद राहिल्यास आवाज कर्कश, माशी गुणगुणल्यासारखा येतो. नवशिके अशा वेळी अ‍ॅम्पलाच दोष देतात.

विलंब (लेटन्सी)

या जाण्या-येण्याला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून हाताळत नाही; ठरावीक संख्या साठली की गठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर १२८ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक व बाहेर जाताना एक असे दोन बफर धरले, तर ५.३ मिलिसेकंद होतात. रूपांतर व ड्रायव्हर यांचा वेळ त्यावर वाढतो. बफर १,०२४ चा केला, तर केवळ दोन बफरांचेच सुमारे ४३ मिलिसेकंद होतात आणि वाजवणे जवळपास अशक्य होते.

या आकड्यांचा अंदाज हवेतील ध्वनीवरून येतो. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. जुन्नर तालुक्यातीलच नारायणगाव तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. फडात ढोलकीवाल्यापासून साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या कलावंताला थाप सुमारे १० मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येते, तरी ताल सुटत नाही. तेव्हा एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बहुतेक गिटारवादकांना तो जाचत नाही. जलद, तुटक पट्ट्या वाजवणाऱ्याला मात्र त्याहून कमी विलंबही खटकू शकतो.

बफर लहान केला की संगणकावरचा ताण वाढतो आणि आवाजात चटचट येऊ लागते. म्हणून मुद्रणाच्या वेळी ६४ किंवा १२८ आणि मिश्रणाच्या वेळी ५१२ किंवा अधिक, असा बदल करतात. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचा एएसआयओ ड्रायव्हर वापरणे जवळपास अनिवार्य आहे. मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असते. मास्टर ट्रॅकवरील काही लिमिटर व इक्वलायझर स्वतःचा विलंब जोडतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मुद्रण करताना ते बंद ठेवावेत. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असल्याने ते या कामी निरुपयोगी ठरतात.

मुद्रण झालेला भाग सॉफ्टवेअर विलंब वजा करून योग्य जागी ठेवते. तरीही मोठ्या विलंबासह वाजवणारा वादक नकळत पुढे-मागे होतो, आणि ती चूक कोणतीही वजाबाकी दुरुस्त करीत नाही.

थेट मॉनिटरिंगशी संबंध

बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ हे बटण असते. त्याने गिटारचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. विलंब जवळजवळ नसतो, पण अ‍ॅम्पही नसतो: कोरडा, पातळ आवाज मिळतो. गायकाला हे चालते. विकृत (डिस्टॉर्शनच्या) स्वरात वाजवणाऱ्याला नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू राहिले, तर कोरडा आवाज व त्यामागून येणारा अ‍ॅम्पचा आवाज एकमेकांत मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखा नाद होतो. प्लगइन वापरताना हे बटण बंद असावे. संगणक फारच जुना असेल, तर ऐकण्यापुरते एखादे स्वतंत्र अ‍ॅम्प-मॉडेलिंग उपकरण वापरणे अधिक शहाणपणाचे.

कोरड्या संकेताचे मुद्रण

प्लगइन ट्रॅकवर ठेवल्यास वादकाला अ‍ॅम्प ऐकू येतो, परंतु मुद्रित होतो तो मूळ कोरडा संकेत. अ‍ॅम्पची निवड नंतर कितीही वेळा बदलता येते. इनपुटची पातळी जोरदार आघातालाही शून्य डेसिबलच्या बरीच खाली, उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राखतात; डिजिटल पातळी शून्याला टेकली की होणारी मोडतोड अ‍ॅम्पच्या गोड विकृतीसारखी नसते.

एकेरी कॉइलचे पिकअप विजेची ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतात, आणि अ‍ॅम्पचा गेन ती कित्येक पटींनी वाढवतो. भिंतीतील अर्थिंग नीट नसेल, तर ती अधिकच जाणवते. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यास, तसेच गिटारचे तोंड पडदा व ट्रान्सफॉर्मर यांपासून वळवल्यास ती पुष्कळदा कमी होते.