सांदवाडीतलं बियाणं

भिवापूर म्हटलं की मिरची. बुटकी, जाड सालीची, लालभडक. तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायांचे फोटो पेपरात येतात. शेतातल्या मिरचीचं कौतुक सगळ्यांना आहे. घरामागच्या सांदवाडीची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. भाजी पिकवणं आणि पुढच्या वर्षाचं बी राखणं ही दोन्ही कामं तिथे एकाच हातानं होत, आणि तो हात बहुतेक बाईचा असे.

मिरची मुळात अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. पुढे ती गावोगाव पसरली आणि जागोजागी वेगळी झाली, ती मातीमुळे आणि निवडीमुळे. कोणत्या झाडाचं बी ठेवायचं, हे दरवर्षी कुणीतरी ठरवत होतं.

माझ्या आईची निवड मी जवळून पाहिली. निरोगी, भरपूर धरलेलं झाड हेरून ती त्याला लाल चिंधी बांधायची. ‘‘मधल्या तोड्याचंच बी ठेव, बाई, अखेरचं फळ थकलेलं असते,’’ हे तिचं सांगणं. बियाण्याचं झाड ती इतर मिरच्यांपासून दूर लावायची. मिरचीत परपरागीभवन होतं, माश्या वाण मिसळतात, हे शास्त्र मी नंतर शिकले. तिला ते वापरून ठाऊक होतं. दोडकं वेलावरच वाळू द्यायचं आणि अख्खं आढ्याला टांगायचं. पोपटाच्या शेंगांचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं.

सांदवाडीची मांडणीही विचारानं केलेली असे. न्हाणीचं पाणी धोप्याला आणि केळीला, भांडी धुतलेलं पाणी वांग्यांना. कोहळ्याचा वेल कवेलूंवर चढवलेला, कुंपणाला मुंगना, दाराजवळ सांभार. खत गोठ्यातलं, मावा पडला की चुलीतली राख. बाहेरून काहीच विकत येत नव्हतं.

सरकारदरबारी हे पीक कधी मोजलं गेलं नाही. महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली. तिचा भर धान्यावर होता. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत विदर्भात सोयाबीन पसरलं. चुरडा-मुरड्यानं मिरची बेजार झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी संकरित बियाणं जवळ केलं. त्यांना दोष देता येत नाही. कर्ज फेडायचं तर उत्पन्न हवं. पण संकरित मिरचीचं बी ठेवून पेरलं तर पुढची झाडं सारखी निघत नाहीत. म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं, आणि एकदा पाकिटाची सवय लागली की मडकं रिकामं होतं.

मग घरं बदलली. कवेलू गेले, स्लॅब आला. नवीन लेआउटमधल्या प्लॉटवर कंपाउंडपर्यंत फरशी बसली, न्हाणीचं पाणी नालीत गेलं. आता हौसेनं पुन्हा कुंड्या दिसू लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांतलं बहुतेक बी दुकानातलं. भाजी परत आली, बियाणं अजून आलेलं नाही.

ते येऊ शकतं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दाखवून दिलं की पालापाचोळा, घरातलं सांडपाणी आणि ऊन यांचा नीट हिशेब ठेवला तर गच्चीवरही अन्न पिकतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीजबँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामात मला आमच्या आयांचंच काम दिसतं, फक्त त्याला या वेळी नाव मिळालं.

माझ्या घरामागे मी जागेपुरती फरशी काढून वाफे केले आहेत. भिवापुरी मिरचीची चार झाडं पुरतात; एका घराच्या बियाण्याला तेवढी बास. शेजारणी बी मागायला येतात, आणि मी एकच अट घालते: पुढच्या वर्षी त्यातलं मूठभर तिसऱ्या घरी द्यायचं.

तुम्हीही या मृगात एवढं करा. एक झाड खायला तोडू नका, बियाण्यासाठी राखा. मानांकनानं वाणाचं नाव टिकतं. वाण टिकतो तो दरवर्षी पेरल्यानं.