मुखकर्करोगानंतरचे जबड्याचे पुनर्वसन

मुखकर्करोगानंतरचे जबड्याचे पुनर्वसन म्हणजे तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे गमावलेले दात, जबड्याचे हाड आणि टाळू यांची कृत्रिम साधनांनी किंवा शरीराच्या अन्य भागातील हाडामांसाने केलेली भरपाई होय. रुग्णाला पुन्हा चावता, गिळता व स्पष्ट बोलता यावे आणि चेहऱ्याचा आकार शक्य तितका पूर्ववत व्हावा, हे या उपचारांचे उद्दिष्ट असते. प्रत्यक्ष उपचारांचा मोठा भाग कर्करोगाच्या उपचारांनंतर होत असला, तरी त्यांचे नियोजन शस्त्रक्रियेपूर्वीच करणे आवश्यक मानले जाते.

पार्श्वभूमी

भारतातील पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. तंबाखू, गुटखा व सुपारीचे सेवन ही त्याची प्रमुख कारणे आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू किंवा सुपारी गालात धरून ठेवण्याच्या सवयीमुळे भारतीय रुग्णांत गालाचा आतील भाग आणि खालची हिरडी येथे हा रोग विशेषत्वाने आढळतो. गाठ हाडाला लागून किंवा हाडात पसरलेली असल्यास जबड्याचा भाग दातांसह काढावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) दंत व कृत्रिम अवयव शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे.

इतिहास

टाळूतील छिद्र बंद करणाऱ्या साधनांचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे यांनी १६व्या शतकात केले. पिअर फोशार यांच्या १७२८ मधील दंतवैद्यकावरील ग्रंथातही अशी साधने आढळतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्यावर १९२३ मध्ये हान्स पिखलर यांनी वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर १९३९ मधील मृत्यूपर्यंत फ्रॉइड यांना कृत्रिम टाळू वापरावा लागला. तो नीट न बसल्यामुळे खाताना व बोलताना त्यांना सतत त्रास होत असे.

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो, असे प्रयोगांत दिसून आले. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या जबड्यात जन्मजात व्यंग असलेल्या रुग्णावर दंतरोपण केले. १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी पायातील फिब्युला हाडापासून खालचा जबडा घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

वरचा जबडा

वरचा जबडा काढल्यावर तोंड व नाक यांमधील पडदा नाहीसा होतो. त्यामुळे अन्नपाणी नाकात जाते आणि बोलणे गेंगाणे होते. हे छिद्र बंद करणाऱ्या कवळीस ऑब्च्युरेटर म्हणतात. तो तीन टप्प्यांत दिला जातो.

शस्त्रक्रियेच्या वेळचा: शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या मापावरून तयार केला जातो व शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवला जातो. त्यामुळे रुग्णाला लवकर तोंडाने खाता-पिता येते.

तात्पुरता: जखम भरत असताना पोकळीचा आकार बदलत जातो, त्यानुसार यात वेळोवेळी दुरुस्ती केली जाते.

कायमस्वरूपी: जखम पूर्ण भरल्यावर, साधारणतः काही महिन्यांनी दिला जातो. वजन कमी राहावे म्हणून पोकळीत जाणारा भाग आतून पोकळ ठेवतात.

ऑब्च्युरेटर काढून पोकळीची तपासणी करता येत असल्याने रोग पुन्हा उद्भवल्यास तो लवकर लक्षात येण्याची शक्यता असते. साधनाची पकड प्रामुख्याने उरलेल्या दातांवर अवलंबून असते. दात अजिबात नसल्यास गालाच्या हाडात बसवलेल्या लांब रोपणांचा आधार घेता येतो.

खालचा जबडा

खालच्या जबड्याची सलगता तुटल्यास उरलेला भाग शस्त्रक्रिया झालेल्या बाजूकडे सरकतो आणि वरचे-खालचे दात जुळत नाहीत. हाडाची पुनर्रचना न झालेल्या रुग्णांत जबडा योग्य जागी आणण्यासाठी मार्गदर्शक पट्टी असलेली कवळी वापरतात. पुनर्रचनेसाठी फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसह काढून, जबड्याच्या आकारात कापून बसवले जाते आणि त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मानेतील रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात. या हाडात दंतरोपण करता येते.

दंतरोपण आणि किरणोपचार

शस्त्रक्रियेनंतर ओठ, हिरडी व गाल यांची रचना बदलल्याने साधी कवळी अनेकदा स्थिर राहत नाही. अशा वेळी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या रोपणांवर दात किंवा कवळी आधारता येते. रोपण हाडाशी एकजीव होण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात.

किरणोपचारांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो व त्याची भरून येण्याची क्षमता कायमची कमी होते. अशा हाडातील दात काढल्यास जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका असतो. सुमारे ६० ग्रेपेक्षा अधिक मात्रा मिळालेल्या भागात, विशेषतः खालच्या जबड्यात, हा धोका जास्त असतो. म्हणून वाचवता न येणारे दात किरणोपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी काढण्याची शिफारस केली जाते.

रोपण कर्करोगाच्या मूळ शस्त्रक्रियेतच करता येते किंवा किरणोपचारांनंतर, बहुधा सहा महिने ते एक वर्ष थांबून करता येते. पहिल्या पद्धतीत हाड किरणोपचारांपूर्वीच भरू लागते. मात्र रोग पुन्हा उद्भवल्यास किंवा रोपणाची जागा चुकल्यास ते निरुपयोगी ठरू शकते. दुसऱ्या पद्धतीत रोपण अपयशी ठरण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादा व देखभाल

तोंड पुरेसे न उघडणे ही भारतीय रुग्णांतील मोठी अडचण आहे. सुपारीमुळे होणारा मुखतंतुमयता हा विकार, शस्त्रक्रियेचे व्रण आणि किरणोपचार या तिन्हींमुळे ती उद्भवते. जबड्याचे माप घेणे किंवा कवळी आत बसवणेही त्यामुळे कठीण होते. म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम लवकर सुरू केले जातात. किरणोपचारांनंतर लाळ कमी झाल्याने उरलेले दात झपाट्याने किडतात. त्यासाठी फ्लोराइडचा नियमित वापर, साधनाची रोजची स्वच्छता आणि ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते. तंबाखू व सुपारीचे सेवन चालू राहिल्यास कर्करोग पुन्हा होण्याचा आणि रोपण अपयशी ठरण्याचा धोका वाढतो.