ग्प्सगॉलक्स स्तंभ : जतन कशाला म्हणावे?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावर हाइस्ला हा आदिवासी समाज राहतो. आपल्याकडील ‘देवक’ या कल्पनेशी नाते सांगणारी कुलचिन्हे वृक्षाच्या अखंड खोडावर कोरून ते खोड उभारण्याची परंपरा या किनाऱ्यावरील समाजांत आहे. अशा स्तंभांपैकी सुमारे ९ मीटर उंचीचा ग्प्सगॉलक्स स्तंभ संग्रहालयशास्त्रात विशेष चर्चिला गेला.

देवीच्या साथीत आप्तेष्ट गमावलेल्या ग्प्सगॉलक्स या प्रमुखाने १८७२ मध्ये मिस्कुसा या गावी तो उभारला. त्सूदा नामक आत्म्याच्या कृपेने मृत आप्तांची पुन्हा भेट झाली, अशी त्यामागील कथा असून शिखरावर त्सूदाचीच आकृती आहे. म्हणजे हा स्तंभ एका परीने शोकाचे स्मारक होय. १९२९ मध्ये एका स्वीडिश वाणिज्यदूताने सरकारी परवाना मिळवून तो स्वीडनला पाठविला. आपली संमती घेतलीच नव्हती, असे हाइस्लांचे म्हणणे आहे.

स्टॉकहोमच्या मानववंश संग्रहालयात तो असल्याचा शोध हाइस्लांना १९९१ मध्ये लागला. प्रतिकृतीच्या बदल्यात तो परत देण्यास स्वीडन सरकारने १९९४ मध्ये मान्यता दिली. हाइस्ला कारागिरांनी प्रतिकृतीचे अखेरचे कोरीवकाम २००० मध्ये संग्रहालयाच्याच आवारात केले.

तरीही मूळ स्तंभ आणखी सहा वर्षे अडकून राहिला. तापमान व आर्द्रता नियंत्रित असलेली वास्तू त्यासाठी उभारावी, ही संग्रहालयाची अपेक्षा होती. तिचा खर्च लहानशा समाजाला झेपणारा नव्हता. त्याहून मूलभूत अडचण वेगळीच होती. हाइस्ला परंपरेनुसार स्तंभ कालांतराने कोसळावा, मातीत मिसळावा आणि त्याच्या जागी नवा उभा राहावा. (गणेशमूर्तीचे विसर्जन करणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये.) लाकूड कुजू न देणे हा संग्रहपालाचा धर्मच, त्यामुळे ती अपेक्षा केवळ दुराग्रहाची होती, असे म्हणता येणार नाही. परंतु परत केलेल्या वस्तूचे पुढे काय व्हावे, हेही देणाऱ्यानेच ठरवायचे असेल, तर मालकी खरोखर हस्तांतरित झाली काय?

अखेर २००६ मध्ये स्तंभ किटामाटला पोहोचला. नियोजित वास्तू झालीच नाही. काही काळ तो जवळच्या शहरातील एका बाजारसंकुलात ठेवण्यात आला. पुढे हाइस्लांनी तो मिस्कुसाला नेऊन जमिनीवर आडवा ठेवला.