भिवंडीतील दंगली व अभियोजन

भिवंडी हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील यंत्रमाग-व्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. कामाच्या शोधात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इ. प्रदेशांतून आलेल्या तरुण कामगारांचा येथील वस्तीत मोठा भरणा आहे. दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि मिश्र लोकसंख्या यांमुळे मिरवणूक वा बाजारपेठ यांतील किरकोळ तंटाही येथे जमावाच्या हिंसेत परिणत होण्याचा धोका असे. अशा प्रसंगी पकडलेल्या तरुणांवर खटले कसे चालवावेत, हा प्रश्न भिवंडीच्या अर्वाचीन इतिहासात वारंवार उपस्थित झाला.

पाच किंवा अधिक व्यक्ती बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आल्यास तो बेकायदेशीर जमाव ठरतो व समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी सर्वांवर येते. भारतीय दंड संहितेतील (१८६०) हे तत्त्व भारतीय न्याय संहितेतही (२०२३) कायम आहे. मात्र घटनास्थळी केवळ बघ्या म्हणून उभा असलेला मुलगा आणि दगड मारणारा मुलगा यांत भेद करणे अवघड असते. सर्वोच्च न्यायालयाने मसालती खटल्यात (१९६४) मोठ्या जमावाच्या प्रकरणी दोन-तीन वा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत साक्षीवरच दोषसिद्धी आधारणे योग्य होय, असा सावधगिरीचा दंडक सांगितला. सरकारी अभियोक्त्याचे काम शिक्षा मिळवणे एवढेच नसून पुरावा न्यायालयापुढे निःपक्षपातीपणे ठेवणे हे आहे. परंतु तपासच सदोष असेल, तर हे काम पायापासून खचते.

याचा प्रत्यय १९७० साली आला. ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली व तिचे लोण जळगाव आणि महाड येथे पोहोचले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. दंगलीच्या गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष तपास पथकावर आयोगाने कठोर ठपका ठेवला. पथकाने मुस्लिमांविरुद्ध भेदभाव केला व निरपराधांना गोवले, असा त्याचा निष्कर्ष होता. खरे अपराधी सुटणे आणि निरपराध अडकणे या दोहोंमुळे न्यायावरील विश्वास उडतो व पुढील दंगलीचे बीज पेरले जाते, हा या प्रकरणाचा बोध होय.

त्या काळी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांतील खटले मुख्यतः पोलीस खात्यातील अभियोक्तेच चालवीत. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेने सहायक सरकारी अभियोक्त्यांची स्वतंत्र तरतूद केली. तथापि महाराष्ट्रात ते पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली राहिले. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने त्यांना या नियंत्रणातून मुक्त करून स्वतंत्र अभियोग विभाग स्थापण्याचा आदेश दिला. तपास करणारा आणि त्या तपासाची पारख करून खटला चालवणारा यांत अंतर असावे, हे तत्त्व त्यामागे होते. खटला मागे घेण्याचा अधिकारही अभियोक्त्यालाच असून त्यास न्यायालयाची संमती लागते.

मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा मोठी दंगल होऊन ती ठाणे व मुंबई येथे पसरली. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. सुमारे ७० समित्यांत हिंदू व मुस्लिम रहिवासी एकत्र बसत आणि त्या त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस कर्मचारी त्यांच्या नित्य संपर्कात राही. घरगुती भांडणे, शेजाऱ्यांचे तंटे, अफवा यांचा निकाल तेथेच लागे. तरुणावर गुन्हा नोंदण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याच्या वडीलधाऱ्यांशी बोलणे होई. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतही पुढे याच धर्तीवर समित्या स्थापन झाल्या. अभियोक्ता पोलिसांपासून दूर जात असताना पोलीस मात्र लोकांच्या जवळ आले, आणि भिवंडीच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी परस्परपूरक ठरतात.

अल्पवयीनांबाबत कायद्याची दृष्टी आणखी वेगळी आहे. मुंबई बालक अधिनियम, १९४८ व बाल न्याय अधिनियम, १९८६ यांनुसार मुलाची संरक्षित वयोमर्यादा १६ वर्षे होती. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा प्रौढांच्या न्यायालयात उभा राही. २००० च्या अधिनियमाने ही मर्यादा १८ वर्षे केली. २०१५ च्या अधिनियमानुसार मुलाला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते व पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. शस्त्राविना केलेल्या दंगलीसारखा गुन्हा क्षुल्लक अपराधांत मोडतो आणि समुपदेशन, समाजसेवा वा पालकांच्या देखरेखीचा आदेश देता येतो. १६ ते १८ वर्षांच्या मुलाने घृणास्पद अपराध केल्याचा आरोप असल्यास मात्र प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याला बाल न्यायालयाकडे पाठवता येते. मॉल, चित्रपटगृहे इ. ठिकाणी तरुणांच्या टोळक्यांनी घातलेल्या गोंधळालाही हेच नियम लागू होतात.

मोहल्ला समित्यांचे यश कायमचे नव्हते. ५ जुलै २००६ रोजी पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत हिंसाचार झाला. पोलीस गोळीबारात दोघे मृत्यू पावले, तर जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. पोलीस व मोहल्ला यांतील संवाद खंडित झाला की खटल्यांचे ओझे पुन्हा न्यायालयांवर पडते, आणि तेथे पोहोचलेल्या तरुणाचे भवितव्य तपासाच्या प्रामाणिकपणावर व अभियोक्त्याच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून राहते.