‘ऐकणे’ची दुसरी बाजू

‘पोरगं कुणाचं ऐकतच नाही,’ असं घरात कुणी म्हणतं, तेव्हा पोराच्या कानांविषयी कुणालाच शंका नसते. सांगितलेलं ते करत नाही, एवढंच म्हणायचं असतं. कानावर पडणं आणि मानणं, या दोन्हींसाठी मराठीला ‘ऐकणे’ हे एकच क्रियापद पुरतं. प्रार्थनेत देवाचं मार्गदर्शन ओळखायचं कसं, असं श्रद्धावंत मनापासून विचारतात. मला वाटतं, उत्तराची वाट या दुसऱ्या अर्थातूनच जाते.

जुन्या कराराची बहुतेक पुस्तकं हिब्रूत आहेत. हिब्रूतला ‘शामा’ आपल्या ‘ऐकणे’सारखाच: कानांनी ऐकणं तोच, आज्ञा पाळणंही तोच. यहुदी लोकांच्या नित्याच्या प्रार्थनेला ‘शेमा’ म्हणतात ते तिच्या पहिल्याच शब्दावरून, अर्थ ‘ऐक’. आपल्या ‘प्रार्थना’ शब्दात ‘अर्थ्’ म्हणजे मागणं आहे. ही प्रार्थना मात्र ऐकण्यापासून सुरू होते. याच ‘शामा’तून नावंही आली. ‘इश्माएल’ म्हणजे ‘देव ऐकतो’. घर सोडून रानात पळालेल्या हागार या दासीला तिच्या होणाऱ्या बाळासाठी हे नाव मिळालं. माणूस ऐकायला शिकतो, त्याच्या आधीपासून देव ऐकत असतो.

ग्रीक आणि लॅटिननेही हीच जोड राखली. नव्या करारातला ‘हुपाकुओ’, म्हणजे आज्ञा पाळणे, हा ‘खाली’ आणि ‘ऐकणे’ मिळून झाला आहे. लॅटिन ‘ओबेदिरे’च्या पोटातही ‘आउदिरे’, म्हणजे ऐकणेच आहे. इंग्रजीतला ‘ओबे’ त्याचाच वंशज.

आता होरेब डोंगरावरचा एलीया पाहू. जीव वाचवत पळालेला हा संदेष्टा गुहेत थांबला आहे. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव त्यांपैकी कशातच नसतो. मग येतात तीन हिब्रू शब्द: ‘कोल दमामा दक्का’. कोल म्हणजे आवाज, दमामा म्हणजे निःशब्दता, आणि दक्का म्हणजे बारीक. पहाटे जमिनीवर पडलेल्या मान्ना या स्वर्गीय अन्नाच्या कणांना आणि कुटून भुकटी केलेल्या धूपालाही हेच विशेषण लागतं. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी इथे झुळूक आणली. पण फारसीतून आलेला आपला ‘बारीक’ इथे नेमका बसतो, कारण पीठही बारीक असतं आणि आवाजही. एलीया अंगरख्याने तोंड झाकून गुहेच्या दाराशी येतो. पुढे त्याला मिळते ती नुसती शांती नव्हे. आल्या वाटेने दमास्कसच्या रानाकडे परत जा, हजाएल, येहू आणि अलीशा यांचा अभिषेक कर, असं नावानिशी काम त्याला मिळतं. आवाज बारीक होता, सांगणं मोघम नव्हतं.

तरी मनात भीतीही बोलते, महत्त्वाकांक्षाही बोलते. त्यातून देवाचं कोणतं, हे ठरवण्याला ख्रिस्ती परंपरेत लॅटिन ‘दिस्केर्नेरे’वरून नाव पडलं. त्यातला ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे. आपल्या ‘विवेका’तला ‘विच्’ धातूही वेगळं करण्याचाच. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडलेला सैनिक इग्नाटियस लोयोला अंथरुणावर पडून हेच शिकला. शौर्याच्या स्वप्नांत तो तासन्‌तास रमे, पण मागाहून मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याच्या विचाराने मिळालेला आनंद मात्र टिके. मागे काय उरतं, यावरून तो विचार पारखू लागला. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. त्यातले पारखीचे नियम याच अनुभवातून उगवले.

संस्कृतात ‘श्रु’ धातूला इच्छेचं रूप दिलं की ‘शुश्रूषा’ होते: ऐकण्याची इच्छा. मराठीत आपण ती आजाऱ्याच्या उशाशी बसून करतो. ऐकण्याची इच्छा हातांपर्यंत पोचली, की तिचीच सेवा होते. म्हणून ‘देव माझ्याशी बोलत नाही’ असं वाटतं तेव्हा नव्या शब्दासाठी कान टवकारण्याआधी जुन्याची झडती घ्यावी. मागायची राहिलेली क्षमा, तोडलेलं बोलणं, ज्याच्या दारी जायचं टाळलं तो माणूस, हे सगळं कधीच कानावर पडलेलं असतं. ते केलं, की खऱ्या अर्थाने ऐकलं.