कायरोप्रॅक्टिक आणि सांधेदुखी

कायरोप्रॅक्टिक ही हातांनी केल्या जाणाऱ्या उपचारांची एक पद्धती असून तिचा मुख्य भर पाठीचा कणा व सांध्यांची हालचाल यांवर असतो. गुडघा, खुबा आणि खांदा यांच्या दुखण्यातही तिचा अवलंब केला जातो; मात्र या सांध्यांबाबत तिच्या उपयुक्ततेचे पुरावे मर्यादित आहेत. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले आहे.

इतिहास

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे या पद्धतीचा प्रारंभ केला. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांच्या स्थानभ्रंशात असते, हे त्यांचे मत आधुनिक वैद्यकाने स्वीकारलेले नाही.

भारतात सांधा हाताने बसवण्याची कला पुष्कळ प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. महाराष्ट्रात हे काम परंपरेने हाडवैद्य आणि तालमींतील वस्ताद करीत आले. तथापि, निखळलेला सांधा बसवणे आणि झिजलेल्या सांध्यावर उपचार करणे या भिन्न गोष्टी होत.

उपचारांचे स्वरूप

सांध्याला अल्प अंतरात जलद झटका देणे, तो संथपणे हलवणे, स्नायूंचे मर्दन करणे आणि व्यायाम शिकवणे हे उपचारांचे प्रमुख प्रकार आहेत. झटका देताना येणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्यामुळे येतो. तो हाड जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे.

परिणामकारकता

वाढत्या वयातील गुडघेदुखी व खुबेदुखी यांचे एक प्रमुख कारण सांध्यातील कूर्चेची झीज हे आहे. झटक्याने कूर्चा भरून येत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार अशा झिजेत हस्तोपचारांचा विचार केवळ व्यायामाच्या जोडीनेच करावा. नियमित व्यायाम आणि वजन अधिक असल्यास ते घटवणे हे मूलभूत उपाय मानले जातात. खांदा आखडण्याचा विकार मधुमेहींमध्ये अधिक आढळतो व तो बरा होण्यास दीर्घ काळ लागू शकतो.

मावळ व लोणावळा

मावळ तालुक्यात भातलावणीच्या वेळी चिखलात दीर्घकाळ वाकून काम करावे लागते. लोहगड, विसापूर यांसारखे किल्ले उतरताना गुडघ्यांवर मोठा भार येतो. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली. त्यांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. योगोपचारात रुग्णाने स्वतः करावयाच्या हालचालींना प्राधान्य असते. मात्र गुडघे झिजलेल्यांनी वज्रासन वा पद्मासन तज्ज्ञांच्या सल्ल्याविना करू नये.

भारतातील स्थिती

आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील उपचारपद्धतींत कायरोप्रॅक्टिकचा समावेश नाही. तिच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही. त्यामुळे उपचारकाचे शिक्षण व अनुभव यांची चौकशी रुग्णालाच करावी लागते.

दक्षता

सांधा लाल, गरम व सुजलेला असून ताप येणे, इजेनंतर पायावर भार न पेलणे, रात्री वाढणारी वेदना किंवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. हाडे ठिसूळ असलेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना झटक्याचे उपचार टाळावेत. खुब्याच्या विकाराची वेदना कधी कधी केवळ गुडघ्यात जाणवते. डाव्या खांद्याच्या वेदनेबरोबर घाम येणे वा धाप लागणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते.