कातळाची भेग आणि बारीक बोटं

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाचं खोरं आहे. तिथं एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा उभा आहे. त्याच्या पुढं आलेल्या धारेला ‘नोज’, म्हणजे नाकच, म्हणतात. उंची सुमारे २९०० फूट. १९५८ साली वॉरन हार्डिंग आणि त्याचे सोबती ती धार प्रथम चढले. त्यासाठी दीड वर्षात मिळून दीड महिन्याचे दिवस त्यांनी कड्यावर काढले. कातळाला भोकं पाडून खिळे ठोकले, आणि रुंद भेगांसाठी टाकाऊ चुलीचे पाय कापून त्यांच्या मेखा केल्या! त्या भेगा आजही चुलीच्या पायांच्याच नावानं ओळखल्या जातात.

पण मेखांना धरून, लोंबकळत चढणं वेगळं आणि नुसत्या हातापायांनी चढणं वेगळं. या दुसऱ्या रीतीतही दोर कमरेला असतोच. मात्र तो पडल्यास सावरायला, ओढून वर जायला नव्हे. त्या रीतीनं नोज चढण्याची खटपट पुष्कळांनी केली. साधलं ते लिन हिल या बाईला.

लिनचा जन्म १९६१ चा. लहानपणी ती जिम्नॅस्टिक्स शिकली, आणि चौदाव्या वर्षी तिची कातळाशी गाठ पडली. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. युरोपात जाऊन तिनं कितीतरी स्पर्धा जिंकल्या. पण १९८९ साली फ्रान्समध्ये एका सोप्याशा कड्यावर घात झाला. दोराची गाठ मारता मारता लक्ष दुसरीकडे गेलं, गाठ अर्धीच राहिली. वर पोचून तिनं दोरावर भार टाकला मात्र, ती ७० फुटांहून अधिक खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांनी झेललं म्हणून वाचली, कोपर निखळलं. जाणत्या माणसाचाही हात सवयीच्याच कामात चुकतो, तो असा.

ती पुन्हा कड्याशी उभी राहिली. अमुक एक अवघड दर्जाची चढाई बाईमाणसाला कधी जमणार नाही, असं एक नामांकित फ्रेंच गडी म्हणाला होता; अपघातानंतर दोन वर्षांच्या आत तिनं तीच करून दाखवली.

मग १९९३ साली नोज. बराच कडा चढून गेल्यावर छपरासारखा पुढं आलेला कातळ लागतो, आणि त्याखाली अगदी अरुंद भेग. तिची बोटं बारीक म्हणून जमलं, असं काही जण म्हणाले. खरं आहे, बोटांची टोकं आत गेली. पण त्याच्या वर एक गुळगुळीत कोपरा आहे. तिथं धरायला जवळजवळ काहीच नाही. दोन्ही भिंतींना हातपाय रेटून, अंग पिळून तिला सरकावं लागलं. तिथं बारीक बोटांचा काय उपयोग? उलट, आखूड हात ही अडचणच! सोबत्यासह चार दिवसांत ती माथ्यावर पोचली.

एवढ्यावर ती थांबली नाही. १९९४ साली एका दिवसात चढायचं ठरवलं. पहिल्या खेपेस उन्हानं आणि संपलेल्या पाण्यानं माघार घ्यायला लावली. सप्टेंबरात ती पुन्हा आली, रात्री चांदण्यात निघाली आणि २३ तासांत वर पोचली.

तिच्यामागून १९९८ साली एक चढाईपटू त्याच वाटेनं माथ्यावर पोचला. त्याचे अडीचशेच्या वर दिवस त्या कड्यावर खर्ची पडले.